कावीळ, कलेजी आणि सरसकट पथ्य

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत कलेजीबद्दल दोन सल्ले पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत. पोरगी पांढरीफटक पडली, बाळंतीण अशक्त झाली, अंगात रक्त नाही असे कुणी म्हणाले, की बोकडाची कलेजी आणा. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली, की ती कावीळ. मग मटण बंद, अंडी बंद, तेल आणि हळद बंद, उसाचा रस आणि मुरमुरे सुरू. दोन्ही सल्ले देणाऱ्यांची माया खरी असते. अडचण येते ती दोन्ही लक्षणे एकाच माणसात दिसली की, आणि या दोन जिल्ह्यांत ती एकत्र दिसणे नवलाचे नाही. सिकलसेलचा रुग्ण फिकटही असतो आणि त्याचे डोळेही पिवळे असतात. वर्षानुवर्षे मोहाची दारू पिऊन ज्याचे पोट पाण्याने फुगले आहे, त्याच्या दंडावरचे मांस झडलेले असते आणि डोळ्यांत पिवळी झाकही असते. त्याला कलेजी द्यायची की तोडायची? या प्रश्नाला होय-नाहीत उत्तर देणारा कुणीही, मग तो वैदू असो की डॉक्टर, अर्धेच उत्तर देत असतो. माझे म्हणणे असे, की यकृताच्या काही ठरावीक आजारांत कलेजी खरोखर घातक आहे, इतरांत ती मापात चालते, आणि तिच्या भीतीपोटी लादलेले सरसकट पथ्य बहुतेक रुग्णांचे कलेजीपेक्षा जास्त नुकसान करते.

कलेजीची कीर्ती फुकटची नाही. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर बोकडाचे यकृत सांगितले आहे, आणि अ जीवनसत्त्वाचे कार्य समजल्यावर त्या उपचाराचे मर्मही उलगडले. १९२६ साली अमेरिकेत मिनट आणि मर्फी यांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खाऊ घालून जगवले. त्या कामासाठी व्हिपल यांच्यासह त्या दोघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत १९२८ पासून डॉ. लुसी विल्स यांनी गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या आणि यकृताच्या अर्काने त्या बायका सुधारतात हे त्यांना दिसले, आणि त्याच धाग्यावरून पुढे फोलिक ॲसिड सापडले. म्हणजे ‘कलेजीने रक्त वाढते’ ही आपल्याकडच्या आजीची समजूत निराधार नव्हती. पण हे सगळे पुरावे रक्ताचे आणि डोळ्यांचे आहेत. ‘कलेजी खाल्ली की आपले काळीज सुधारते’ याला यांतला एकही पुरावा लागू पडत नाही. (मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच, बोलता बोलता आपण ते छातीत डावीकडे नेऊन ठेवले आहे.) जनावराचे यकृत माणसाच्या यकृताची डागडुजी करत नाही. ते दुसऱ्या जिवाचे कोठार आहे. त्या जिवाने साठवलेले अ जीवनसत्त्व, तांबे, लोह, बी-१२ हे सगळे त्यात एकवटलेले असते. निरोगी माणूस ते घेतो, लागेल तेवढे ठेवतो, उरलेले पित्तावाटे किंवा अन्य वाटेने काढून टाकतो. ज्याचे स्वतःचेच कोठार नासले आहे, त्याच्यापुढे मात्र ते कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि नेमका कुठला पदार्थ ठेवायला जागा नाही हे आजारागणिक बदलते.

अ जीवनसत्त्वापासून सुरुवात करू. मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या यकृतात ते ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर असते, कोंबडीच्या यकृतात ३,३०० च्या आसपास. प्रौढ पुरुषाची रोजची गरज १,००० मायक्रोग्रॅम, आणि रोज सातत्याने घेण्याची सुरक्षित मर्यादा ३,०००. हे जीवनसत्त्व यकृतातल्या ज्या पेशींत साठते, त्याच पेशी चिडल्या की यकृतात तंतू विणायला लागतात, म्हणजे यकृत कडक व्हायला लागते. हे कडक होणे टोकाला गेले की तो सिरॉसिस. १९९१ साली बेल्जियममधून आलेल्या एका अहवालात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या ४१ रुग्णांची नोंद होती. त्यांत सिरॉसिसपर्यंत गेलेल्यांतला सर्वांत कमी डोस रोज २५,००० युनिट, सहा वर्षे. हा आकडा ७,५०० मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचा आहे, म्हणजे जवळपास रोज १०० ग्रॅम कलेजी. यावरून दोन गोष्टी कळतात. सणावाराला खाल्लेल्या चार तुकड्यांनी कुणाचे यकृत जात नाही. आणि ‘ताकद येते’ म्हणून महिनोन्‌महिने रोज कलेजी खाणे निरोगी माणसालाही शहाणपणाचे नाही, यकृताच्या रुग्णाला तर नाहीच. ‘आमचे आजे-पणजे खातच होते’ हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो खराच आहे. पण ते किती खात होते? एका बोकडात कलेजी एकच, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. गावात बोकड पडला की त्याचे वाटे पडत, आणि कलेजी घराघरात तुकड्या-तुकड्याने जाई. माप चालीरीतीनेच बांधलेले होते. आज चंद्रपुरात किंवा ब्रह्मपुरीत दुकानावर उभे राहून कलेजी वेगळी तोलून घेता येते, पाहिजे तेवढी, पाहिजे त्या दिवशी. चाल तीच राहिली, पण तिच्यावरचे माप गळून पडले.

तांब्याच्या बाबतीत महाराष्ट्राकडे जगाला दाखवण्याजोगा धडा आहे. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा, काही महिन्यांत जीव घेणारा सिरॉसिस एके काळी आपल्याकडे इतका दिसे की जगाच्या वैद्यकात त्याचे नावच ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे पडले. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या घरात दूध कशात तापते ते पाहिले. मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले होते आणि घरात दूध तापत होते, साठवले जात होते पितळेच्या भांड्यांत, अनेकदा कल्हई उडालेल्या. कल्हई म्हणजे कथलाचा तो पातळ चकचकीत थर. तो शाबूत असेपर्यंत दुधाचा पितळेला स्पर्श होत नाही. तो झिजला की तळाशी लालसर-पिवळा डाग उघडा पडतो, आणि तिथून तांबे दुधात उतरते. घराघरात स्टील आले, लोक सावध झाले, आणि हा आजार पुढच्या काही वर्षांत जवळजवळ दिसेनासा झाला. त्या मुलांत काही आनुवंशिक नाजूकपणाही असावा असे मानणारे संशोधक आहेत, आणि तसे असूही शकेल; पण भांडे बदलल्यावर आजार हटला ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. अन्नातल्या तांब्याने यकृत उद्ध्वस्त होऊ शकते याचा इतका लख्ख पुरावा क्वचितच मिळतो. आता हाच हिशेब कलेजीला लावा. मेंढी-बोकडाच्या वर्गातल्या यकृतात १०० ग्रॅममागे सात मिलिग्रॅमच्या घरात तांबे निघते. माणसाला दिवसाला दोन मिलिग्रॅमही लागत नाही. निरोगी यकृत जास्तीचे तांबे पित्तात टाकून देते. विल्सन आजारात ही वाटच जन्मतः बंद असते, आणि पित्तनलिका तुंबणाऱ्या जुनाट आजारांत ती बुजत जाते. विल्सनच्या रुग्णाला, विशेषतः उपचाराच्या पहिल्या वर्षात, बोकडाची कलेजी पूर्ण वर्ज्य. इथे थोडी-चालते म्हणायला जागा नाही. कोंबडीच्या यकृतात तांबे याच्या दशांशाहूनही कमी असते, पण उपचार स्थिर होईपर्यंत तिकडेही न वळलेले बरे. आजार विरळ आहे, पण भाऊबहिणींत एकाला असेल तर दुसऱ्याची तपासणी झालीच पाहिजे, आणि ते कळेपर्यंत दोघांच्या ताटात कलेजी येता कामा नये.

लोहाचा प्रश्न या दोन जिल्ह्यांचा अगदी घरचा. मध्य भारतात सिकलसेल आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवले, आणि गडचिरोलीतल्या गोंड-माडिया वस्त्यांपासून चंद्रपूरच्या शहरी मोहल्ल्यांपर्यंत तो आज ओळखीचा आजार आहे. त्याच्या रुग्णाचे डोळे पिवळे दिसतात ते बहुधा तांबड्या पेशी फुटत राहिल्यामुळे. यकृताचा त्यात दोष असेलच असे नाही. तरी घरात त्याला कावीळ म्हणतात, गळ्यात माळ पडते, नाकात रस पिळला जातो आणि पथ्य सुरू होते. आधीच अशक्त पोराचे अंडे-मासळी बंद करणे, हा या गैरसमजाचा पहिला घाव. दुसरा घाव उलट बाजूने येतो: ‘रक्त कमी’ म्हणून कलेजी आणि लोहाच्या गोळ्या. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागले आहे त्याच्या अंगात लोह कमी नसते, साचलेले असते, आणि ते साचते प्रामुख्याने यकृतात. मात्र इथे प्रमाणाची जाण सोडू नये. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते. १०० ग्रॅम कलेजीत सहा-सात मिलिग्रॅम लोह, आणि त्यातले शोषले जाते ते एक-दोन मिलिग्रॅम. एका पिशवीची बरोबरी करायला अशा शंभर ग्रॅमच्या शंभराहून जास्त वाट्या कलेजी लागेल. तेव्हा लोह साचलेल्या रुग्णाचा खरा उपचार लोह बाहेर काढणाऱ्या औषधांचा. कलेजी आणि रक्ती (शिजवलेले रक्त) त्याने टाळावी हे बरोबर, पण ती टाळली म्हणजे काम झाले असे समजून औषधाकडे दुर्लक्ष झाले तर ते पथ्यच घात करेल. उलट ज्याला कधी रक्त चढवलेले नाही त्याचे लोह कमीही असू शकते. फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची, रक्ततपासणी केल्याशिवाय लोह कमी आहे की जास्त, हे सांगता येत नाही. डोळ्यांचा किंवा नखांचा रंग त्याला पुरत नाही.

आता सर्वांत मोठा गट: दारूने, हिपॅटायटिस बी-सीने किंवा चरबीने यकृत कडक झालेले लोक. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. तरी मोहफुलांची हातभट्टी घराघराला ठाऊक आहे, आणि कलेजी तिच्या सोबतीला चखणा म्हणून बसते. दारू चालू ठेवून कलेजीची चर्चा करण्यात अर्थ नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. पण दारू सुटली आहे आणि सिरॉसिस आहे, अशा माणसाचे काय? जुन्या पाठ्यपुस्तकांनी सांगितले, मांस तोडा, नाहीतर रक्तात अमोनिया वाढून गुंगी येईल. ही भीती वैद्यकात पन्नासेक वर्षे टिकली. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी गुंगी आलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांचे दोन गट करून एकाची प्रथिने तोडली आणि दुसऱ्याची नेहमीइतकी ठेवली. गुंगी दोघांची सारखीच उतरली. प्रथिने तोडलेल्यांच्या अंगातले मांस मात्र जास्त झडले. आज युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस उलटी आहे: वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे, कारण सिरॉसिसचे यकृत रात्रभराची शिदोरी साठवू शकत नाही आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. उसाचा रस आणि मुरमुरे यांतून ती येत नाहीत. नुसत्या भातातूनही नाहीत. धानाच्या पट्ट्यात पाणीदार वरण आणि ढीगभर भात हे आजाऱ्याचे जेवण समजले जाते, आणि तेच त्याला आतून पोखरते.

हे मान्य केले की कलेजीला तिची योग्य जागा मिळते. १०० ग्रॅम कलेजीत २० ग्रॅम प्रथिने असतात, ती स्वस्त असते, आणि सिरॉसिसच्या रुग्णाला खुद्द अ जीवनसत्त्वाचीच तूट पडून रातांधळेपणा येऊ शकतो. यकृत ते रक्तात वाहून नेणारे प्रथिन बनवू शकत नाही, म्हणून कोठारात माल असूनही डोळ्यांपर्यंत पोचत नाही. याच कारणामुळे बाहेरून भरमसाट ओतणे धोक्याचे. माझ्या समजुतीने स्थिर सिरॉसिसच्या, लोह-तांबे न साचलेल्या रुग्णाने पंधरवड्यातून एखाद्या वेळी ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन-चार तुकडे, पूर्ण शिजलेली कलेजी खाल्ली तर बिघडत नाही. मात्र त्याची रोजची प्रथिने दुसरीकडून यावीत. माजी मालगुजारी तलावातली आणि गावच्या बोडीतली मासळी, अंडी, दूध, फुटाणे, मुगाचे वरण हे सगळे इथेच मिळते. ज्यांना गुंगीचा त्रास परत परत होतो त्यांना मांसापेक्षा डाळी आणि दूध अधिक मानवते, हेही खरे. बाकीच्या अवयवांबद्दल फार लिहायला नको. वजडीत अ जीवनसत्त्व किंवा तांबे कलेजीसारखे साचत नाही. तिचा धोका स्वच्छतेचा. भेज्यात कोलेस्टेरॉल अतोनात, चरबीच्या यकृताच्या रुग्णाने तो सोडलेला बरा. पोटात पाणी झालेल्यांना लघवीच्या गोळ्या सुरू असतात, त्यांनी युरिक ॲसिड चढते, आणि कलेजी-गुर्द्याने ते आणखी चढून अंगठ्याचा सांधा लाल होतो. अशा रुग्णाच्या पूर्ण दिवसाच्या अन्नात मीठ एका लहान चमच्यापेक्षा, पाच ग्रॅमपेक्षा, जास्त नको. त्याचा खरा वैरी सुकट, लोणचे आणि खारवलेला चखणा.

जंतूंचे प्रकरण वेगळे, आणि त्यात यकृताच्या रुग्णाला सवलत नाही. हिपॅटायटिस ई हा विषाणू धडधाकट माणसाला महिनाभराची कावीळ देऊन जातो. सिरॉसिसच्या रुग्णाचे उरलेसुरले यकृत तो एका झटक्यात निकामी करू शकतो. जपानमध्ये डुकराच्या आणि रानडुकराच्या कच्च्या यकृतातून तो माणसांत आल्याचे सिद्ध झाले, आणि २०१५ साली तिथल्या सरकारने हॉटेलांत डुकराचे कच्चे यकृत वाढण्यावर बंदी घातली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूवर दीर्घ काम केले आहे. भारतात माणसांत सापडतो तो प्रामुख्याने पहिला प्रकार, डुकरांत सापडतो चौथा. म्हणजे इथली कावीळ मुख्यतः दूषित पाण्याची. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि २९ हजारांवर माणसे पिवळी पडली, तोही हाच विषाणू होता हे पुढे कळले. मग डुकराची कलेजी इथे निर्धोक का? तसे मी म्हणणार नाही, कारण ज्याच्याकडे चूक पचवायला यकृतच उरलेले नाही त्याने शक्यतेशीही खेळू नये. पण ज्या नाल्याच्या पाण्यात वजडी धुतली जाते, त्या पाण्याकडे आधी बघा. शेवटची धुणी उकळलेल्या पाण्याची हवी. कच्ची कलेजी कापलेल्या विळीवर तसाच कांदा चिरायचा नाही.

शिजवण्यात एक खरीखुरी अडचण आहे. कलेजी तव्यावर जास्त ठेवली की चिवट आणि भुसभुशीत होते, म्हणून चांगला स्वयंपाकी ती मध्ये किंचित गुलाबी असतानाच उतरवतो. तोंडात विरघळणारा तो गुलाबी गाभाच धोक्याचा. प्रयोगांत हिपॅटायटिस ई पूर्ण मारायला गाभ्यात ७१ अंश उष्णता २० मिनिटे लागली. तव्यावरच्या पाच मिनिटांत हे होत नाही. रश्श्यात अर्धा तास खदखदली किंवा कुकरला लागली तर सहज होते. तुकडे बोटाच्या पेराएवढे असावेत, तोडल्यावर आत तपकिरी दिसावेत, लाल पाणी सुटू नये. कोंबडीच्या कलेजीलाही हेच लागू, तिच्यात दुसरे जंतू असतात. आणि औषध टोचूनही न वाचलेले जनावर घाईने कापून स्वस्तात वाटले जाते तेव्हा त्याची कलेजी-गुर्दे घेऊ नयेत. औषध तिथेच साठते. मेलेल्या गुरांच्या अंगातले डायक्लोफिनॅक खाऊन देशातली गिधाडे संपत आली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले. गिधाडे कच्चे खातात, आपण शिजवून; पण औषध उकळून जात नाही.

आजारागणिक वेगळे पथ्य ठेवण्यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. भामरागडहून नागपूरचा तज्ज्ञ तीनशे किलोमीटरहून दूर. फेरिटिन, तांबे, सोनोग्राफी कोण करणार? त्यापेक्षा ‘सगळे बंद’ हा नियम सोपा. सोपा आहे, पण तो ज्याच्यावर लादला जातो तो उपाशी राहतो. शिवाय निम्मे प्रश्न दूरच्या तज्ज्ञाशिवायही सुटतात: सिकलसेलची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, हिपॅटायटिस बी-सीची तपासणी आणि औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत, आणि किती वेळा रक्त चढवले हे तर घरच्यांनाच ठाऊक असते. निदान होईपर्यंत कलेजी आणि रक्ती थांबवावी, अंडी-मासळी-डाळ मुळीच थांबवू नये. एवढा नियम आशाताईलाही सांगता येतो आणि आठवडी बाजारात मटण घेणाऱ्याच्याही लक्षात राहतो.

त्याच बाजारात खाटकाच्या हाताकडेही बघण्यासारखे असते. चांगली कलेजी गर्द तांबूस, गुळगुळीत, कडा धारदार. सुरी फिरवताना ती कराकरा लागली, आत पांढरट कडक नळ्या दिसल्या आणि त्यांतून पानासारखे चपटे जंत निघाले, तर तो तलावाकाठच्या गोगलगाईंतून आलेला यकृतकृमी. शिजवून खाल्ला तर तो माणसाला लागत नाही, पण अशी कलेजी घेऊ नये. कधी कलेजीवर पाण्याने भरलेली पांढरी गाठ असते, बोरापासून लिंबाएवढी. खाटीक तो भाग कापून बाजूला फेकतो, आणि बाजारातली कुत्री तिथेच वाट बघत बसलेली असतात. त्या गाठीतले फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, अंडी त्याच्या विष्ठेतून अंगणात, भाजीच्या वाफ्यात, पोरांच्या हातावर येतात, आणि वर्षांनंतर कुणाच्या तरी यकृतात तशीच पाण्याची गाठ सापडते, ज्याने कदाचित कलेजी कधी खाल्लीही नसेल. तो तुकडा कुत्र्याच्या तोंडी न जाता जाळला जावा किंवा हातभर खोल पुरला जावा, यासाठी ओट्यामागे एक खड्डा आणि त्यावर झाकण एवढेच लागते.